ताईच्या गाडीचे आरसे

पत्र्याला आलेले पोचे काढण्यात ज्याची हयात गेली, त्याला गल्ली पोचेकाका म्हणणार नाही तर काय म्हणणार? पोचा मुळातून न काढता वर लांबी, म्हणजे पुट्टी, थापून रंग मारणाऱ्यांचा त्याला भारी तिटकारा. "ताप आलेल्या माणसाला पावडर फासून कामावर पाठवाल का?" असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर विचारायचा. तरीही गिऱ्हाइकं टिकून होती, हे विशेष.

असा हा खमका माणूस एकाच व्यक्तीपुढे मवाळ व्हायचा. ती म्हणजे त्याची मोठी बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे ताईनेच त्याला लहानाचं मोठं केलं. त्याची साठी उलटली तरी ती त्याला बाळ्याच म्हणे, आणि त्याने शर्टाच्या बाहीला नाक पुसलं की बोट उगारून "रुमाल!" म्हणून दटावे.

वडिलांची गाडी ताईकडे होती. दोनच माणसांची, बिनछपराची, बसक्या अंगाची जुनी स्पोर्ट्स कार. वडिलांनी ती भंगारातून उचलून आणली होती आणि सडलेली दारं टाकून देऊन नवी दारं स्वतःच्या हाताने ठोकून घडवली होती. त्या दारांवर त्यांचा एवढा जीव, की मुलं टेकून उभी राहिलेलीही त्यांना खपत नसत. गाडीला बाजूचे आरसे कधीच नव्हते. दाराला भोक पाडायचं नाही, हा वडिलांचा हुकूम. वडील गेले, पण पोचेकाकाच्या लेखी हुकूम कायम होता. ताईचंही काही अडत नव्हतं. ती मान वळवून मागचं बघायची. भावाकडून घरी निघाली की गल्लीच्या वळणाशी हटकून मागे बघायची आणि हात हलवायची.

गेल्या वर्षी तिच्या मानेचं ऑपरेशन झालं. दुखणं थांबलं, पण मान वळेना. मागचं बघायचं तर खांद्यांसकट सगळं अंग फिरवावं लागे, आणि अंगाबरोबर स्टिअरिंगही फिरे. वळणावरचा हात तर बंदच झाला. ती तशीच सरळ निघून जाई, आणि फाटकाशी उभ्या पोचेकाकाला उगाच पोरकं वाटे. मग एका सकाळी एक सायकलवाला तिच्या गाडीखाली येता येता वाचला.

ताईचा मुलगा मामाकडे आला. "मामा, मला आईशी भांडायचं नाही. रविवारपर्यंत आरसे बसवा, नाहीतर मी किल्ली काढून घेतो. ती हो म्हणालीय."

ती हो म्हणाली, हेच पोचेकाकाला झोंबलं. ताई न भांडता कशालाही हो म्हणाल्याचं त्याला आठवत नव्हतं.

आधी त्याने पळवाट काढून पाहिली. दाराच्या कडेला चिमट्याने अडकवायचे आरसे आणले. ताई एक फेरी मारून आली. "बाळ्या, हे इतके थरथरतात, की यात एका बसच्या तीन बस दिसतात. त्यातली कुठली चुकवू?"

शनिवार उजाडला. गाडी आदल्या रात्रीपासून पोचेकाकाकडेच होती. आरसा बसवायची पोचेकाकाची एक ठरलेली पद्धत होती. बायकोकडून कणकेचा गोळा मागून घ्यायचा, त्यावर आरसा दाबून दारावर नुसता चिकटवायचा, गाडी चालवणाऱ्याला त्याच्या जागेवर बसवायचं, तो "हां, आता दिसतंय" म्हणेपर्यंत गोळा सरकवत राहायचं, आणि मगच खूण करून भोक पाडायचं. पण आज ताई समोर बसलेली असताना वडिलांच्या दाराला ड्रिल लावायचं त्याच्या जिवावर आलं. ती यायच्या आत उरकून टाकू, म्हणून तो स्वतःच गाडीत बसला, सीट मागे सरकवून पाय लांब केले, नजरेने जागा ठरवली आणि दोन्ही दारं भोसकून मोकळा झाला.

बायको चहा घेऊन आली. "अहो, आज कणीक नाही मागितलीत?"

"घरचीच तर गाडी आहे. तिला कसली कणीक?"

ताई आली. तिने सीट पुढे ओढली, खाली आपली उशी घातली आणि बसली. आरसा तिच्या कोपरापाशी आला.

"आरसा झकास आहे रे," ती म्हणाली. "पण तो बघायला मान वळवावी लागते."

पोचेकाका पालथ्या डब्यावर मटकन बसला. ताईची सीट पुढे असते आणि तिला उशी लागते, हे जगात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? "बाबांच्या दाराची मी चाळण केली, ताई."

"बाबांनी दार केलं ते मला गाडी चालवता यावी म्हणून. कपाटात ठेवायला नाही," ताई म्हणाली, आणि घराकडे तोंड न वळवताच ओरडली, "अगं ए, जरा कणीक आण बरं!"

ताई उशीवर ताठ बसली. मान हलली नाही, फक्त डोळे हलले. "पुढे घे. अजून. हां, थांब! ती मागची सायकल दिसतेय, घंटीसकट." त्याने खूण केली आणि ताईच्या देखत ड्रिल लावलं. आधीची भोकं झाळ देऊन बुजवून, घासून, रंग मारायचा तर आठवडा गेला असता आणि रविवार उद्यावर आला होता. तेव्हा लांबीवाल्यांना नावं ठेवणाऱ्या या माणसाने निमूटपणे त्यांत रबरी बुचं कोंबली.

रविवारी भाचा गाडीच्या मागे उभा राहून दोन्ही बाजूंना बोटं नाचवत होता आणि ताई पुढून आकडे सांगत होती. एकदाही चुकली नाही. भाच्याने आधी मागून घेतलेली किल्ली तिच्या हातात परत दिली आणि तो आपल्या वाटेने गेला.

ताई निघाली. पोचेकाका नेहमीसारखा फाटकाशी उभा राहिला. ती बुचं त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. बाबा असते तर कानाखाली वाजवली असती, असं वाटून त्याला भरून आलं. गाडी वळणाशी पोचली. ताईची मान सरळ ती सरळच. आता कोण बघतंय, म्हणून त्याने बाहीला नाक पुसलं.

गाडीतून ताईचा हात वर झाला, आणि त्या हाताचं एक बोट उगारलेलं होतं.

"अगं, समोर बघ, समोर!" तो ओरडला, आणि खिशातला रुमाल शोधू लागला.