देव्हाऱ्यातलं इंजिन

हैबतराव येडा झालाय, असं आमच्या कोळवणात कुणीही उठून म्हणायचं. म्हणणाऱ्यांचं काय जातंय! मी त्याचा शेजारी, भिंतीला भिंत लागून. काय झालं ते मी बघितलंय, म्हणून सांगतो.

गडी पुण्यात एका कारखान्यात फिटर होता. थोरला भाऊ वारला तेव्हा भातखाचरं बघायला गावी परतला. येताना जुन्या बाजारातून पोरासाठी खेळण्यातलं, चावीचं एक मोडकं इंजिन आणलं, वीतभर लांबीचं, आणि घरी नीट केलं. जयसिंग त्याचा एकुलता एक. त्या पोरानं खरी आगगाडी जन्मात बघितली नव्हती. पण सारवलेल्या पडवीत इंजिन पळायला लागलं की हा मागून रांगत शिट्टी द्यायचा. दिवसभर आमच्या कानाला तीच शिट्टी.

ते पोर सहाव्या वर्षी, आखाडात, तापानं गेलं. ओढ्याला पूर होता, पुण्याला जायची पौडाची वाट बंद. पाऊस जरा उघडला की पुण्याला नेऊ, असं म्हणता म्हणता घरातच संपलं. कुणाच्या हातात नव्हतं, असं आम्ही सगळेच म्हणालो.

गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात पुजायची आमच्याकडं रीत. सारजावैनीला, म्हणजे हैबतरावाच्या बायकोला, पोराचा टाक घडवायचा धीर झाला नाही. तिनं त्याचं इंजिनच सासूसासऱ्यांच्या टाकांशेजारी बसवलं. आता देवात बसलं म्हणजे अंघोळ आलीच. दर सोमवारी पाणी, दूध, वर हळद. लोखंडाला हळद-दूध, सांगा आता! वर्ष सरत आलं तोवर चावी फिरेनाशी झाली.

हैबतरावानं एकच धरलं होतं, वर्षश्राद्धाला इंजिन चालवायचं. पोराचा तेवढाच आवाज उरलाय, म्हणायचा. पाणी घालू नकोस म्हणून त्यानं वैनीला परोपरीनं सांगितलं होतं. तीही हट्टी. देवात बसलेल्याला पारोसं कसं ठेवू, म्हणायची.

शेवटी त्यानं इंजिन मागून घेतलं अन् पडवीत पोतं अंथरून बसला. सगळं खोललं, रॉकेलात भिजत घातलं. दातेरी चाकांत दूध-हळदीची अशी खरवड बसली होती की सुईनं कोरून काढावी लागली. चाकं सारवणावर घसरायची, तर सायकलच्या ट्यूबच्या बारीक कड्या कापून त्यांवर चढवल्या. शिवणयंत्राचं तेल काडीनं थेंबथेंब दिलं. जास्त तेल धूळ धरतं, म्हणाला. मग चावी दिली, आणि आतली गंजलेली स्प्रिंग कट्कन तुटली.

त्याचा चेहरा बघवत नव्हता. पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षीचा आखाड तो, पाऊस नुसता धो धो. ओढा छातीला लागत होता. हा बाबा कपडे डोक्याला बांधून ओढ्यात उतरला, चिखल तुडवत पौड गाठलं आणि पुण्याच्या घड्याळवाल्याकडून स्प्रिंग घेऊनच परतला. आत अडकवायचं टोक थंड वाकवलं तर मोडतं, म्हणून चुलीत लाल करून वाकवलं. आम्ही त्याला शाबास म्हणालो.

श्राद्धाच्या दिवशी, पानं वाढायच्या आधी, त्यानं चावी दिली. इंजिन खडखडत पडवीच्या पार टोकाला गेलं. हैबतराव रडत होता अन् हसतही होता.

सारजावैनी चुलीपासून उठून दारात आली. इंजिन थांबेपर्यंत बघत राहिली. आवाज तिनं चढवला नाही.

"ह्याच्यासाठी पुण्याला पोचलात व्हय," ती म्हणाली. "गेल्या आखाडात वढा एवढाच हुता. तवा माझ्या जयसिंगासाठी का न्हाई उतरलात?"

जेवायला आलेली माणसं खाली बघायला लागली. तापलेलं पोर खांद्यावर घेऊन ओढा उतरणं निराळं गं वैनी, असं मी म्हणायला गेलो, तर हैबतरावानंच हात वर करून मला गप केलं.

"उतरता आलं असतं," तो म्हणाला.