पान दोनवरची बाई

चाळीत कोणाला काही 'दिसलं' की सगळ्यात आधी हसणारी मीच. त्यामुळे हे लिहिताना कसंसंच होतंय...

मी चिंचपोकळीला राहते, परळच्या एका मेडिकल कॉलेजात सेकंड इयरला आहे. आमच्याकडे पीबीएल असतं — दहा जणांचा ग्रुप आणि कागदावरचा एक पेशंट. सोमवारी केसचं पहिलं पान मिळतं. प्रश्न वाटून घ्यायचे, वाचून यायचं, गुरुवारी बाकीच्यांना शिकवायचं. मग ग्रुपला शिकवणाऱ्या मॅडम दुसरं पान देतात.

त्या आठवड्यातली पेशंट म्हणजे ब्लडप्रेशरची गोळी नुकतीच सुरू झालेली अठ्ठावन्न वर्षांची बाई. गोळीचे दुष्परिणाम माझ्याकडे होते. मी वाचले नाहीत. मागचंच इतकं साचलं होतं... शिवाय ग्रुपमधली केतकी दरवेळी सांभाळून घ्यायची.

गुरुवारी सकाळी कॉलेजला निघाले, तर नाक्यावर एका बाईंनी थांबवलं. माझा ॲप्रन बघून असेल. हातात गोळ्यांची पट्टी.

"गो चेडवा, ही गोळी सुरू केल्यापासून ओठ जड लागतत. घेऊ की नको?"

पट्टीवर तेच नाव — आमच्या केसमधल्या गोळीचं. मला उशीर होत होता. आणि 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटली.

"घेत राहा," म्हटलं, आणि निघाले.

वर्गात माझी पाळी आली तेव्हा मी केतकीकडे बघितलं. शेवटी तिनेच सांगितलं — ओठ सुजायला लागले तर गोळी ताबडतोब बंद करायची, नाहीतर घसा सुजून श्वास अडकू शकतो. मला नाक्यावरच्या त्या बाई आठवल्या.

मग मॅडमनी दुसरं पान वाटलं. 'आठव्या दिवशी ओठ जड वाटू लागले. रस्त्यात भेटलेल्या मेडिकलच्या विद्यार्थिनीने गोळी घेत राहा असे सांगितले. संध्याकाळी श्वास घेता येईना.'

मी तिथेच रडत सगळं सांगितलं. ही केस मॅडमनी दिवाळीच्या सुट्टीत घरी बसून रचली होती, अशी पेशंट कधी नव्हतीच. त्यांनी ते पान पुन्हा वाचलं, आणि हळूच म्हणाल्या, "आधी जा, त्यांना शोध."

नाक्यावरचा केमिस्ट, आजूबाजूच्या चाळी, संध्याकाळी हॉस्पिटलची कॅज्युअल्टी... सगळीकडे विचारलं. तशी बाई कोणालाच माहीत नव्हती.

आता मी एकही गुरुवार न वाचता जात नाही. त्याने काही फिटत नाही. ती बाई खरी होती की नव्हती, मला आजही सांगता येणार नाही. 'घेत राहा' मात्र मी खरंच म्हटलं होतं.