खोबरेल प्यालेली एसएसडी

गणपतीला माझ्या धाकट्या भावाला सुट्टी मिळाली नाही. आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल लावून आम्ही मोबाइल मखरासमोर धरला. आखातातल्या आपल्या खोलीत, लोखंडी पलंगावर बसून त्याने हात जोडले. मग मोबाइल आईकडे गेला. "जेवलास का?" "हो." बाबांकडे गेला. "बरा हायस ना?" "हो." माझ्यापर्यंत येईस्तोवर त्याच्याकडचे होकारही संपले होते. "हूं," म्हणाला आणि कॉल बंद झाला.

हा तोच मुलगा, ज्याची बडबड टाळायला मी शाळेतून दुसऱ्या वाटेने घरी यायचे. नोकरीला गेल्यापासून त्याचं बोलणं आटत चाललं होतं. मला खरीच भीती वाटायला लागली होती, की हा परत येईल तेव्हा भाऊ म्हणून नाही, सभ्य पाहुणा म्हणून येईल. पाहुणे मला पुरेसे आहेत. नागावला आमच्या वाडीत दोन खोल्या आहेत, शनिवार-रविवार त्यात पाहुणेच असतात, आणि चहा कमी गोड का म्हणून विचारतात.

मध्यंतरी एकदाच तो भरभरून बोलला होता. सुट्टीच्या दिवशी काय करतोस असं मी सहज विचारलं, तर लॅपटॉपवरचा एक गेम सांगत बसला. त्यात डोंगर होते, नद्या होत्या, बंदुका होत्या, एक जीप होती. "तू असतीस ना ताई, तर जीप तुझ्याकडे दिली असती," म्हणाला. लहानपणी अलिबागच्या सायबर कॅफेत आम्ही दोघं एकाच कीबोर्डवर गाडी चालवायचो. वळवणं माझ्याकडे, ब्रेक त्याच्याकडे. ब्रेक तो कधी लावायचा नाही, ती गोष्ट वेगळी.

गणपती गेले आणि मी जाहीर केलं, की मला कॉम्प्युटर घ्यायचाय. गेम खेळायला, हे फक्त भावाला सांगितलं. आईला वाटलं खोल्यांच्या बुकिंगसाठी. मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

भाऊ म्हणाला, तयार घेऊ नकोस, एकेक भाग आणून जोडू, मी सांगतो. आणि तो सांगायला लागला. प्रोसेसर ठरला, मेमरी ठरली, ग्राफिक्स कार्ड ठरलं. या सगळ्यात मी मान डोलवत होते, कारण मला काही कळत नव्हतं. घोडं अडलं ते साठवणीपाशी. साठवण मला कळते.

आमच्या घरात जागा कमी पडलेली कुणाला खपत नाही. नारळ, सुपाऱ्या, कोकमं, सुकी मासळी, पावसाळ्याचं सरपण, सगळ्याला मोठ्ठी जागा लागते आणि ती आम्ही करतो. त्यामुळे दुकानातली जाडजूड हार्डडिस्क मला पाहताक्षणी आवडली. एसएसडीच्या चौपट जागा होती तिच्यात.

"ताई, हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक सुई ती वाचत बसते," भाऊ म्हणाला. "तुझा गेम उघडेपर्यंत आमची मेस बंद होईल."

"मग छोटी एसएसडी घेते."

"छोटीत विंडोज बसेल आणि एक गेम. दुसरा घ्यायचा तर पहिला पुसायचा."

"पुसते. परत डाउनलोड करीन."

"आपल्या नेटवर?" तो ओरडला.

इथे त्याचं बरोबर होतं. आमची इंटरनेटची तार माडांच्या खालून येते. वाऱ्याने झावळ पडली की तार तुटते, आणि तार जोडणारा माणूस स्वतःच्या सवडीने येतो. एवढे मोठे गेम पुन्हापुन्हा उतरवून घ्यायचे म्हणजे पाणी प्यायला रोज नवी विहीर खणायची. तरी मी हार्डडिस्कचा हट्ट सोडत नव्हते. तो संतापून म्हणाला, "तू आयुष्यभर कणगीच बघणार काय गं?" मी म्हटलं, "व्हय, बघणार!" फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की आम्ही भांडलो होतो. चांगलं तावातावाने, पहिल्यासारखं. मला इतका आनंद झाला, की दुसऱ्या दिवशी उगाच आणखी थोडं भांडून घेतलं.

शेवटी तह झाला. आता एकच, पण ऐसपैस एसएसडी घ्यायची, मदरबोर्डवर आडवी बसणारी पट्टीवाली. पुढेमागे हार्डडिस्क लावायला कॅबिनेटमध्ये जागा ठेवायची, म्हणजे माझ्या कणगीचाही मान राहील. अलिबागच्या दुकानातून मी पट्टी घेऊन आले. बोटभर लांब, पापडासारखी पातळ. कॅबिनेट कुरियरने यायचं होतं, तोवर ती डबीत घालून देवाच्या फळीवर ठेवली.

कॅबिनेट आलं त्या गुरुवारी संध्याकाळी भावाला व्हिडिओवर बसवून मी सगळं जोडलं. पंखे फिरले, दिवे लागले, आई म्हणाली, दिवाळी आली. पडद्यावर मात्र एकच रड, ड्राइव्ह सापडत नाही. पट्टी काढली, परत बसवली, पुन्हा काढली. सापडतच नव्हती.

भावाचा चेहरा मी बघत होते. आत्तापर्यंत पडद्याला नाक लावून बसलेला तो हळूहळू मागे सरकला. "जाऊ दे ताई. राहू दे," म्हणाला. मी म्हटलं, मी उद्याच दुकानात जाते. तो म्हणाला, "हूं."

त्या 'हूं'ने माझं डोकं फिरलं. सकाळच्या पहिल्या विक्रम रिक्षात बसून मी अलिबाग गाठलं. दुकानदार शटर वर करत होता. ते पुरतं वर जायच्या आत मी सुरुवात केली. गावाकडची बाई दिसली म्हणून काहीही गळ्यात मारता काय, अशा चढ्या सुरात, की पलीकडचा चहावाला गाळणी हातात धरून बाहेर आला.

दुकानदाराने पट्टी घेतली, उजेडात धरली, बोटाने चाचपली आणि चक्क नाकाशी नेली.

"ताई, ह्याला खोबरेल कुणी लावलं?"

"काहीतरीच काय बोलता!"

"वास घ्या."

मी वास घेतला. आमच्याच गच्चीवर वाळवलेल्या खोबऱ्याचं, आमच्याच घाण्यावरून काढून आणलेलं तेल. झोपेतही ओळखेन.

आमच्या घरात नवीन लोखंड आलं की आधी तेल पितं. खारा वारा कशालाच सोडत नाही, म्हणून कोयता, विळी, अडकित्ता, दाराच्या कड्या, सगळ्यांवरून बाबांचा तेलाचा बोळा फिरतो. एकदा त्यांनी पाहुण्यांच्या बॅगेच्या चाकांनाही न विचारता तेल दिलं होतं. त्या बाईंनी पुण्याला पोचल्यावर आभाराचा मेसेज पाठवला, आणि तेव्हापासून बाबांना धरबंदच राहिला नाही.

दुकानदाराने हसत हसत स्पिरिटच्या बोळ्याने पट्टी पुसली आणि स्वतःच्या मशीनला लावली. लगेच दिसली. मदरबोर्डची खाचही अशीच पुसा म्हणून बाटलीत थोडं स्पिरिट दिलं. मी एवढं बोलून बसले होते, आता काय तोंडाने आभार मानणार! "नागावला या, खोली देते," एवढंच म्हणाले आणि पळाले.

घरी बाबा पडवीत सुपाऱ्या सोलत बसले होते. वाटभर मी वाक्यं जुळवत आले होते.

"बाबा, त्या पट्टीला तेल लावलंत?"

"लावलं ना. सोन्यासारखे दात हायत तिला. वाऱ्यानं खाल्ले असते."

"अहो, तेल लावायचं न्हाय तिला! बंद पडली ती!"

त्यांचा हात थांबला. "बिघडली?" ते सुपारीकडेच बघत म्हणाले, "पोराशी बोलायचं मशीन हाय म्हणून मी जरा जास्तच लावलं."

मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. बुकिंगचं कारण आईने मानलं होतं, त्यांनी नाही. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांच्या बोटांना अजून तेल लागलेलं दिसलं तेव्हा हसूही आलं. म्हटलं, "झाली बरी. पण आता हात लावायचा न्हाय."

हात त्यांनी लावला नाही. पण गेम उतरायला लागला तेव्हा बांबूला कोयता बांधून त्यांनी तारेवर लोंबणाऱ्या सगळ्या सुक्या झावळ्या पाडून टाकल्या. त्या आठवड्यात नेट एकदाही गेलं नाही.

पुढच्या शुक्रवारी दुपारी भावाची सुट्टी होती. मी हेडफोन चढवले. त्याने शब्दाप्रमाणे जीप माझ्याकडे दिली आणि मी ती सरळ नदीत घातली.

कानात त्याचं हसू आलं. आधी घशात अडकलं आणि मग फुटलं. "ताई! पूल होता गं बाजूला! एवढा मोठा पूल!" हसता हसता त्याला ठसका लागला. त्याच्या खोलीतले इतर काय झालं म्हणून हिंदीत विचारत होते आणि त्याला सांगता येत नव्हतं.

बाबा दारात उभे होते. "काय म्हणतो?" मी हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले. त्यांनी ते दोन्ही हातांनी दाबून धरले. इकडे पडद्यावर मी बुडत होते आणि तिकडे तो ओरडत असणार, कारण बाबांच्या चेहऱ्यावर एकेक सुरकुती सैल होत चालली होती. मग, कान झाकलेली माणसं बोलतात तशा भल्यामोठ्या आवाजात, ते स्वयंपाकघराकडे बघून ओरडले, "अगो, लवकर ये! हसतोय तो!"

आई ओल्या हातांनीच धावत आली. बाबा काही केल्या हेडफोन काढून तिला देईनात. शेवटी मी वायर उपटली आणि त्याचं हसू खोलीभर सोडलं.