एक्केचाळिसावं लॅटिन वचन

मला लॅटिन येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या काळी अख्ख्या सिंदीत ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती. गाव मला लॅटिन जाणणारा मास्तर समजायचं, आणि गावाचा गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत मी कधी पडलो नाही.

माझं भांडवल म्हणजे एक जुनी डिक्शनरी. नागपूरला बी.ए. करताना सीताबर्डीच्या फुटपाथवर घेतलेली. तिच्या शेवटच्या पानांवर इंग्रजीत चालणारे लॅटिन शब्दप्रयोग अर्थासकट छापले होते. मॅट्रिकच्या पेपरात असले दोन-तीन हमखास पडत, म्हणून त्यातले चाळीस मी निवडून काढले. ‘सायने डाय’ म्हणजे बेमुदत. ‘बोना फायडी’ म्हणजे सच्च्या हेतूचा. ‘वॉक्स पॉप्युलाय’ म्हणजे जनतेचा आवाज. ‘टेरा फर्मा’ म्हणजे पायाखालची घट्ट जमीन. मी सांगायचं, वर्गानं वहीत उतरवायचं, आणि पुढच्या वर्षीच्या वर्गानं ती वही मागून आणून पुन्हा उतरवायचं. एकदा वहीत गेलं की ते खरं. पुस्तक चुकेल, सरांच्या नोट्स चुकायच्या नाहीत, असा तिथला कायदा होता. मला तो फार आवडायचा.

हिवाळ्यात शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले. माझी नोकरी वर्षाच्या बोलीवर होती आणि कायम होण्याचा कागद त्यांच्या शेऱ्यावाचून अडलेला. ते मागच्या बाकावर बसले, चाळीसपैकी दहा-बारा ऐकले आणि जांभई देत म्हणाले, “मास्तर, हे सगळं गाइडात आहे. त्यापलीकडचं काही शिकवता की नाही?”

शिकवत नव्हतो. पण माझ्या हातात खडू होता, आणि हातात खडू असला की मला गप्प राहता येत नाही. मी फळ्याकडे वळलो. ‘वॉक्स’ एकीकडून घेतला, ‘सायने’ दुसरीकडून, ‘टेरा’ तिसरीकडून, शिंप्यानं उरलेल्या चिंध्यांची टोपी शिवावी तशी. लिहिलं, ‘वॉक्स सायने टेरा’. अर्थ सांगितला: ज्याला जमीन नाही, त्याचा आवाज कुणाला ऐकू येत नाही. वर ठोकून दिलं, “जुन्या रोममधलं वचन आहे.”

इन्स्पेक्टर सावरून बसले. “वा,” म्हणाले, आणि खिशातली डायरी काढून त्यांनी ते उतरवून घेतलं. शेरेबुकात माझ्याबद्दल चांगल्या चार ओळी पडल्या. त्या संध्याकाळी मी स्वतःवरच इतका खूश होतो की दोन कप चहा जास्त प्यालो.

तास संपल्यावर वर्गातला सगळ्यात हुशार विद्यार्थी माझ्यामागे व्हरांड्यात आला. तो शाळेत उशिरा बसलेला, म्हणजे माझ्याहून चार-पाच वर्षांनीच लहान. घरच्यांनी आदल्या साली नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेतली होती. बाप दुसऱ्याच्या वावरात मजुरीला.

“सर, ते शेवटचं कोण म्हटलं होतं?”

“रोममधला एक शेतकरी,” मी म्हणालो. थाप वाढवताना मला कधीच कष्ट पडत नाहीत.

“म्हणजे तिकडंबी असंच होतं काय?” तो हसला. “बापाले सांगतो. तो म्हणन, साहेबायच्या देशात आपली गोष्ट कोनं नेली.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

मॅट्रिकला तो पहिल्या वर्गात आला. वर्ध्यात एका संस्थेचं वसतिगृह होतं, राहणं-जेवण फुकट आणि कॉलेजची फी संस्था भरायची. त्याच्यासाठी कॉलेजचा रस्ता हा एकच होता. ती जागा नाही मिळाली तर बापासोबत वावरात. मुलाखतीला जाताना मीच त्याला माझा इस्त्रीचा सदरा दिला. परत आला तो सरळ माझ्या खोलीवर.

“सर, त्यायनं इचारलं, इंग्रजीतलं काय आवडते. मी आपलं ते म्हणून दाखवलं.”

“मग?”

“तिथं एक म्हातारे वकील होते. त्यायले लॅटिन येते म्हणे. ते म्हणाले, असं वचनच नाई. म्हणाले, आता काय रोमन लोकही तुमच्या बाजूचे झाले? सगळे हसले.”

“तू काय म्हणालास?”

“मी म्हटलं, आमचे सर खोटं सांगत नाईत.”

चार दिवसांनी संस्थेचं पत्र शाळेत आलं. हे वचन आपल्या शाळेत शिकवलं जातं काय? की उमेदवार स्वतः रचून शिक्षकाच्या नावावर खपवतो? तसं असेल तर त्याच्या चारित्र्याचा विचार करावा लागेल. हेडमास्तरांनी मला बोलावलं. टेबलावर ते पत्र होतं, शेरेबुक होतं, आणि मला कायम करण्याचा मसुदा होता. तिन्ही कागद त्यांनी एका ओळीत मांडले होते. मुद्दाम की सवयीनं, हे मला आजवर कळलेलं नाही.

“काय कळवायचं?” त्यांनी विचारलं.

“शिकवलं म्हणून कळवलं, तर ग्रंथाचं नाव विचारतील.”

“विचारतीलच. इन्स्पेक्टर साहेबांच्या डायरीतही आहे म्हणता ते.”

“मग नाही शिकवलं, असं कळवा.”

“मी कशाला?” दौत माझ्याकडे सरकवत ते म्हणाले. “विषय तुमचा. पत्र तुम्ही लिहा, सही तुम्ही करा.”

मी लिहिलं. फार सुरेख इंग्रजीत लिहिलं. त्यात ‘बोना फायडी’ दोनदा वापरलं, दोन्ही ठिकाणी अगदी बरोबर.

त्याला या पत्राचा पत्ता नव्हता. तो पुन्हा आला. “सर, यादी सोमवारी लागते. तुम्ही एकडाव वर्ध्याले चला ना माझ्यासंग. तुम्ही तोंडानं सांगतलं तर ते मानतीन.” मी तापाचं निमित्त काढलं. तो म्हणाला, “मंग उद्या जाऊ.” दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिकिटं काढूनच दारात उभा. गेलो. गाडीत मी मनाशी ठरवलं होतं की खरं सांगून टाकायचं. वाटेतलं सेलू स्टेशन येईपर्यंत वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

संस्थेचे चिटणीस सभ्य गृहस्थ. आम्हां दोघांना खुर्च्या दिल्या. त्यानं सुरुवात केली, “साहेब, सर स्वतः सांगाले आले आहेत.”

चिटणिसांनी कपाटातल्या फायलीतून माझं पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. “मास्तर, ही सही तुमचीच ना?”

“हो.”

“यात तर तुम्ही शिकवलं नाही म्हणता. हा म्हणतो, शिकवलं. आम्ही कोणतं धरायचं?”

तो माझ्याकडे बघत होता. अजून त्याला वाटत होतं, सर आता उलगडा करतील. माझ्या डोळ्यांपुढे शेरेबुक आलं, इन्स्पेक्टरांची डायरी आली, मसुद्यावरची माझ्या नावाची ओळ आली. तो म्हातारा वकील नुसता ऐकूनच किती हसेल, तेही आलं. खरं सांगायचं तर नोकरीपेक्षा मी त्या हसण्यालाच जास्त भ्यालो.

“पत्रातलं धरा,” मी म्हणालो.

चिटणिसांनी पत्र घडी करून पुन्हा फायलीत ठेवलं. चहा मागवला. तो मी प्यालो.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. तो समोर बसला. मग त्यानं अगदी हळू विचारलं, “सर, आता तरी खरं सांगा. ते रोमचं होतं का तुमचं?”

“माझं.”

“तुम्हीच बनवलं?”

“हो. इन्स्पेक्टरसमोर. काही सुचेना म्हणून.”

त्यानं मान हलवली. “चांगलं बनवलं होतं. मंग कबूल काऊन नाई केलं? ते हसले असते, बस. मले तर हसलेच ना ते. मी काई मेलो नाई.”

मी म्हणालो, “माझी नोकरी...” त्याच्यासमोर ते वाक्य पुढे गेलं नाही.

“बापाले काय सांगू?” तो म्हणाला. “तो ते म्हणते कधी कधी, वावरात निंदण करताना. त्याले नीट म्हणता नाई येत.”

“सांग, सर खोटारडे आहेत.”

“नाई,” तो म्हणाला. “ते सांगून त्याचं काय होते.”

सिंदी आलं. तो माझ्याआधी उतरला आणि मागे न बघता फाटकाकडे चालू लागला. सोमवारी लागलेल्या यादीत त्याचं नाव नव्हतं. जुलैत माझा कायम झाल्याचा कागद आला. हेडमास्तरांनी पेढे वाटले, पहिला मला दिला. कापसाचा हंगाम सुरू झाला तेव्हा तो शाळेसमोरच्या जिनिंगात सरकीची पोती उचलायला लागला. माझ्या वर्गाच्या खिडकीतून जिनिंगचं अंगण सरळ दिसायचं. त्या वर्षापासून मी खिडकीकडे पाठ करून शिकवायची सवय लावून घेतली. वर्गाला वाटायचं, सरांना ऊन सहन होत नाही.