आकारामकाकांच्या सॅकेतल्या भाकऱ्या

शिवाजी पेठेत पिठाची गिरणी चालवणाऱ्या आकारामकाकांना गडकिल्ल्यांचं काडीचं वेड नव्हतं. वेड होतं ते माणसांना जेवू वाढायचं. त्यांच्या ग्रुपनं महिन्यातून एकदा गड गाठायचा आणि अख्ख्या ग्रुपची शिदोरी काकांनी पाठीवर न्यायची, हा जुना रिवाज. त्यांची बायको झुंबरबाई पहाटे उठून भाकऱ्या थापायची, खर्डा कुटायची. चढताना काकांचा जीव निघायचा, पण वर पोचलं की ग्रुपची म्होरकी अनुजा ओरडायची, "काका, सोडा की गाठोडं!" त्या हाकेसाठी हा माणूस डोंगर अंगावर घ्यायचा. जेवणं झाली की सॅक रिकामी, आणि उतरताना स्वारी सगळ्यांच्या पुढं.

आणि कुठनं तरी हा विश्वजित उगवला. जिममध्ये शिकवणारा, काटक, बोलायला गोड. रांगण्याला जायचं ठरलं तेव्हा त्यानं ग्रुपवर लिहिलं, की ज्यानं त्यानं आपापला डबा आणायचा, खजूर-दाणे असलं हलकं घ्यायचं, ओझं कमी ठेवायचं. काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी बायकोला मुद्दाम नेहमीपेक्षा जास्त भाकऱ्या करायला लावल्या. बघू की, खर्डा समोर असताना कोण खजूर चघळतंय ते!

गाडी गावात थांबली तसा विश्वजितनं खिशातनं ताणकाटा काढला आणि एकेकाची सॅक तोलायला लागला. "पाठीवर वजन वाढलं की दम लवकर लागतो, छाती धडधडती. आणि उतरताना सगळा भार गुडघ्यावर येतो." काकांची सॅक अडकवली तर काटा पार तळाला. "काका, बिऱ्हाड हलवलंय व्हय?"

सगळी फिदीफिदी हसली. इतरांचं काकांना काय वाटलं नसतं, पण अनुजाही हसली. मग मात्र त्यांच्या पोटात जे दुखायला लागलं, ते ओवा खाऊन थांबणारं नव्हतं.

जंगलातनं वाट चढत होती. पुढं अनुजा विश्वजितला सॅकचा कमरेचा पट्टा कसा आवळायचा ते विचारत होती. एवढी वर्षं आपण भाकरी वाहिली, आणि ही पोरगी पट्ट्यावर भाळली! काकांनी पाय उचलले, त्यांना गाठायचंच म्हणून. पट्टे खांद्यात रुतले, छातीत घण बसायला लागले, डोळ्यांपुढं काजवे चमकले. काकांना गाठता काय आलं नाही.

गडावर देवीच्या देवळापाशी सगळे टेकले. काकांनी सॅक पुढ्यात घेतली, खाकरले, बंद सैल केला. हाक काय येईना. सगळ्यांनी आपापले डबे उघडले.

"काका, डबा आणलाय न्हवं?" अनुजानं विचारलं.

"व्हय."

"मग बसा की जेवायला."

आता नुसतं 'या गं पोरांनो' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही! मागितल्याशिवाय वाढायचं नाही, हा त्यांचा ताठा. "भूक न्हाय," म्हणून काका तोंड फिरवून बसले. पोटात कावळे ओरडत होते.

तेवढ्यात देवळावरनं एक वांदर उतरलं आणि विश्वजितचा डबा घेऊन झाडावर गेलं. काकांना असा काही आनंद झाला, की देवीला नारळच फोडावा. अनुजा आपल्यातलं द्यायला लागली, तर विश्वजित "राहू दे, चालतंय की" म्हणाला.

चाललं मात्र नाही. रांगण्याहून परतताना आधी खिंडीत उतरायचं आणि मग पुन्हा मोठा चढ चढायचा; त्या चढाला त्याचे पाय लटपटायला लागले. तो मागं राहिला, अनुजाच्या मागनं चाललेल्या काकांच्या बरोबरीला आला आणि हळूच म्हणाला, "काका, एखादी भाकरी असंल तर द्या की. लई भूक लागलीया."

काकांच्या पाठीवर वीस माणसांचं जेवण होतं.

"संपलं," काका म्हणाले.

अरे, आपल्या मातीत दारात आलेल्या वैऱ्यालासुद्धा आधी जेवायला बसवतात! काकांनाही ते बोलल्याक्षणी कळलं. पण शब्द गेला होता.

"मग रिकामी सॅक तरी द्या, मी घेतो. दमलाय तुम्ही."

"हात लावू नको!" काका केवढ्यांदा ओरडले. आता सॅक कुणाला देता येईना, खाली ठेवता येईना, सोडून एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकता येईना. अख्खा चढ काका ते धूड घेऊन चढले. गुडघे करकरत होते, श्वास तोंडानं चालला होता, आणि विश्वजित मागनं त्यांना दगडांवर हात देत होता. तो हात काकांना सगळ्यात जास्त बोचला.

गाडीपाशी काकांनी सॅक टाकली आणि मटकन बसले. अनुजा ती आत ठेवायला गेली तर तिला उचलेना. सैल बंद सुटला, फडकं सरकलं, खर्ड्याचा वास सुटला.

तिनं भाकऱ्या बघितल्या. मग काकांकडं बघितलं. "काका, त्यानं मागितली होती की ओ. मी ऐकलं."

काका उठले, एक भाकरी घेतली, वर खर्डा ठेवला आणि विश्वजितपुढं धरली. "घे."

"नको काका, भूक मेली."

काकांनी ती अनुजापुढं धरली. ती गाडीत चढून बसली.