बापूंची अँबॅसिडर आणि सरांची तीन फिल्टरं

जुन्या गाडीच्या टाकीत गंज साचतो आणि मालकाकडे किस्से. दोन्ही मुद्दाम कोणी गोळा करत नाही. मी सावेडीत दातांचा दवाखाना चालवते. वडिलांची पद्मिनी मोटार माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर जुन्या गाड्यांची ही मंडळीही गळ्यात पडली.

रविवारी सकाळी आम्ही चौघं मैदानात गाड्या लावतो आणि समोरच्या टपरीवर चहा पितो. माझ्यासारखीच पद्मिनी असलेले कुलकर्णी सर, म्हणजे भूगोलाचे निवृत्त मास्तर. अँबॅसिडर घेऊन येणारे कोल्हारचे बागायतदार बापू. आणि जुन्या जीपचे मालक सलीमभाई, ज्यांचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. हे सलीमभाई बहुतेक वेळा कुणाच्या तरी गाडीखालीच सापडतात.

आमच्यात भांडण एकच. पेट्रोलच्या नळीत जादा फिल्टर बसवायचं की नाही?

सर म्हणतात, "टाकी म्हातारी झाली, गंज सुटणारच. तो कार्बोरेटरमध्ये जाऊन बसण्याआधी नळीतच अडवा."

बापू म्हणतात, "कंपनीनं गाडीच्या पंपात जाळी दिलीया ना? मग आनखी गाळणी कशाला? च्या काय दोनदा गाळता व्हय तुमी?"

"आमच्याकडे गाळतात," सर शांतपणे म्हणतात.

सलीमभाईंना विचारलं, तर ते दोघांनाही "तुमचं बरोबर आहे" म्हणतात. दुकानात फिल्टरही असतं आणि जाळीही.

*

एकदा बापू दवाखान्यात आले. दाढ ठणकत होती. मी दिवा ओढून वाकले आणि तशीच मागे सरकले. तोंडाला पेट्रोलचा भपकारा.

"बापू, चूळ कशाने भरलीत?"

"राहुरीजवळ गाडी बंद पडली हो, डाक्टरीनबाई. नळी काढून फुंकर मारली. गंज निगाला, पन जरासं त्वांडात आलं."

"मग आता फिल्टर गाडीला नाही, तुमच्याच तोंडाला बसवावं लागेल," मी म्हटलं.

बापू हसले नाहीत. पुढे दोन रविवार माझ्याशी धड बोललेही नाहीत.

*

खरा भडका उडाला तो अक्कांच्या माहेरच्या वाटेवर. अक्का म्हणजे बापूंच्या सौभाग्यवती. भावाच्या घरी वास्तुशांत होती. पैठणी नेसून, पुरणपोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन त्या मागच्या सीटवर बसल्या होत्या. घोडेगावच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि थांबली. बापू बॉनेट उघडून नळीत फुंकत बसले.

अक्कांनी जरा वेळ वाट पाहिली. मग बाजाराला म्हशी नेणाऱ्या टेम्पोला हात केला आणि पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. भावाच्या दारात पैठणी उतरली आणि मागून म्हैस हंबरली. माहेरची माणसं अजून तो विषय काढतात.

घरी आल्यावर अक्का म्हणाल्या, "आता पुन्यांदा वाटंत बंद पडली, तर हिला घोडेगावच्या बाजारात म्हशींच्या रांगंत उभी करीन. येईल त्या गिऱ्हाइकाला देऊन टाकीन."

अक्का बोलतात ते करतात, हे सगळ्या कोल्हारला ठाऊक आहे. बापूंचं तोंड एवढंसं झालं. टपरीवर येऊन म्हणाले, "आमची थोरली जल्मली तवा दवाखान्यातून हिच्यातच घरी आनली. ही गेली तर मला करमायचं न्हाई."

सरांनाही वाईट वाटलं. "मग फिल्टर लावा ना, बापू!"

"ते न्हाई जमायचं. एवढी वर्सं भांडलो, आता लावलं तर तुमी हसाल."

*

तेव्हापासून अक्का दर रविवारी बापूंबरोबर येऊ लागल्या. पाळत ठेवायला, असं बापूंचं म्हणणं. पण येऊन त्या करायच्या काय, तर टपरीवर बसल्या बसल्या गरिबासारखं विचारायचं, "सर, च्या खरंच दोनदा गाळावा का वो?" की झालं! सर आणि बापू तासभर एकमेकांना सोडायचे नाहीत.

आश्चर्य म्हणजे बापूंची गाडी बंद पडेना. गुडघ्यांमुळे त्यांना गाडीखाली वाकून बघता येत नाही. हा सगळा आपल्या फुंकरीचा गुण, असं ते सांगत सुटले.

सर इरेला पेटले. त्यांनी एक फिल्टर टाकीपाशी लावलं, एक पंपाआधी आणि एक कार्बोरेटरच्या तोंडाशी. परवा आम्ही सगळे बापूंच्या अँबॅसिडरमागोमाग कोल्हारला त्यांच्याकडे जेवायला निघालो, तर विळद घाटात सरांच्या पद्मिनीने मान टाकली. तीन गाळण्यांतून पेट्रोल पुढे यायलाच तयार नाही.

बापूंनी डिकीतून बैलाचा कासरा काढला आणि सरांची गाडी अँबॅसिडरला बांधली. राहुरीत भर चौकात मुद्दाम हळू चालवली. वर हॉर्न.

जेवणं झाली. बापू पानाला चुना लावत म्हणाले, "बगा सर. एक गाळणी न्हाई हिला, आन् तुमाला वडून आनलं." सर मान खाली घालून ताक पीत राहिले. बापू सुपारी आणायला आत गेले.

अक्का ताकाचा तांब्या घेऊन सलीमभाईंपाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाई, आमच्या गाडीचं ते टाकीखालचं फिल्टर आता भरलं आसंल. येत्या रव्वारी मी ह्यांना सरांशी भांडायला लावते. तुमी तेवढ्यात नवं बसवा."