चांगल्या गोष्टींची वही

गेल्या वर्षापर्यंत आमच्या घरात तक्रार ही रोजच्या भाजीसारखी असायची. बायको अंजनगाव सुर्जीकडची. सकाळच्या चहाबरोबर तिला दोन तरी गाऱ्हाणी लागत. अकोल्याचं ऊन, आठवड्यातून कधीतरी येणारं नळाचं पाणी, भाजीवाल्याने गवारीत खपवलेल्या जून शेंगा आणि माझं घोरणं. "काय बाप्पा हे ऊन! माणसानं जगावं का भाजून निघावं?" हे तिचं मार्चपासूनच सुरू व्हायचं. मी नुकताच निवृत्त झालो होतो, त्यामुळे हे सगळं ऐकायला दिवसभर घरात मीच. मला वैताग यायचा.

त्या हिवाळ्यात मी अमरावतीला एका व्याख्यानाला गेलो. वक्ता कडक इस्त्रीतला, घाम कधी आलाच नसावा असा. आनंद बाहेर नसतो, तो आपण निवडायचा असतो, हे त्याने तासाभरात इतक्यांदा सांगितलं की परतीच्या बसमध्ये बसेपर्यंत ते मलाच सुचलंय असं मला वाटायला लागलं. मूर्तिजापूर येईतो माझा नियम ठरला होता. संध्याकाळी जेवताना दोघांनी दिवसातली एकेक चांगली गोष्ट सांगायची आणि तक्रार अजिबात करायची नाही. स्टँडबाहेरच्या दुकानातून मी दोनशे पानी वहीसुद्धा घेतली.

बायको हसली. "अन् चांगलं काही झालंच नाही त?"

"शोधायचं. वाईटातलंही चांगलं शोधायचं."

"काहून? वाईटाले वाईट म्हटलं त पाप लागते काय?"

मी वही उघडली आणि तारीख टाकली.

आठ-दहा दिवस ती कुरकुरली, मग शिकली. माझ्यापेक्षा फार चांगली शिकली. माझ्या नोंदी म्हणजे "आज हवा छान होती" असल्या मिळमिळीत. तिच्या ऐकून मात्र मी जेवता जेवता खो खो हसायचो. सकाळी बागेत आम्हा पेन्शनरांचा हास्यक्लब भरतो, तिथे मी त्या वाचून दाखवायला लागलो. लोक टाळ्या वाजवायचे. "काढा, वहिनीची वही काढा," म्हणायचे. माझी छाती फुगायची. बायकोला मी सुधारलं, असं मला खरोखर वाटत होतं. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

एप्रिल लागला. कूलर माळ्यावरून खाली आला. त्यात रोज सकाळी बादलीने पाणी भरायचं काम तिचं, कारण ते पहिल्यापासून तिचंच होतं आणि मी तेव्हा बागेत हसत असायचो.

वैशाखातल्या एका सकाळी ती ओट्याजवळ खाली बसली आणि तिला उठताच येईना. तोंड एका बाजूला गेलं होतं. उजवा हात लोंबत होता. लकवा. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, "याच्या आधी हात बधिर होणं, हातून वस्तू पडणं, असं काही झालं होतं का? नीट आठवा. तेव्हाच आणलं असतं, तर..."

मी छातीठोकपणे नाही म्हणालो. म्हटलं, तिची काहीच तक्रार नव्हती.

घरी येऊन वही उघडली. शेवटची दहा-बारा पानं. "आज हातून बादली सुटली, फरशी फुकटात धुतली गेली." चार दिवसांनी, "उजव्या हाताची बोटं सकाळपासून झोपून हायेत. चला, घरात कोणाले तरी आराम भेटला." मग, "कप फुटला. त्याचा कान तसाही तुटकाच होता." बोलणं तिचं, अक्षर सगळं माझं. बादलीच्या नोंदीसमोर मी लाल पेनाने "फारच छान!" असंही लिहून ठेवलं होतं. तिने मला सांगितलं होतं. रोज जेवताना समोर बसून सांगितलं होतं. डॉक्टरला ती पानं मी कधी दाखवलीच नाहीत. लाज वाटते.

आता ती काठीने चालते. जीभ जड झाली आहे, पण तिचं बोलणं समजतं. कूलर मी भरतो, स्वयंपाक मी करतो, बागेत जात नाही. वही रद्दीत घातली. घरात इतकी शांतता आहे की ती ऐकवत नाही. मी सारखा विचारतो, दुखतं का, जड वाटतं का, घाबरल्यासारखं होतं का. ती म्हणते, बरं हाय. ऊन रणरणतं, नळ येत नाही, मी घोरतो. ती काहीच म्हणत नाही.

परवा मी वरण मुद्दाम करपवलं. पार काळं होईस्तोवर. म्हटलं, आता तरी बोलेल. तिने डाव्या हाताने घास उचलला, सावकाश चावला आणि म्हणाली, "चुलीवरच्यावाणी वास आला. चांगलं झालं."

"अगं, करपलं हाय ते! जळून कोळसा झालं. म्हण ना तसं!"

"मले समजते करपलेलं," ती म्हणाली. एकेक शब्द ओढत ओढत. "पण नियम तुमचाच हाय ना."

आणि तिने दुसरा घास घेतला.